अप्रोचचा पटर किनाऱ्यावर भरकटतो: काय तपासायचं, कोणता घ्यायचा

डिस्क गोल्फमध्ये डिस्क फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत न्यायची असते. बास्केटजवळ नेणारी फेक म्हणजे अप्रोच, आणि जवळच्या फेकींसाठीची हळू जाणारी डिस्क म्हणजे पटर. बास्केट चाळीस-पन्नास मीटरवर आहे. मध्ये झाड नाही की चढ नाही. पटर हातातून स्वच्छ सुटतो, अर्ध्या वाटेपर्यंत सरळ जातो आणि शेवटच्या टप्प्यात काहीतरी बिनसतं. कधी तो बास्केटच्या डोक्यावरून तरंगत पार पुढे निघून जातो, कधी अलीकडेच धप्पकन बसतो, तर कधी उजवीकडे पलटी खाऊन कडेवर घरंगळत सुटतो. माणूस तोच, डिस्क तीच, चूक मात्र दर वेळी वेगळी. किनाऱ्यावर डिस्क गोल्फ खेळायला लागलेल्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "दुसरा पटर घेऊ का?"

घ्यावा लागेलही. पण त्याआधी एक गोष्ट बघा. डिस्क हवेत चुकतेय की जमिनीवर? बहुतेक जण डिस्क जिथे थांबली तिथे बघतात. पहिल्यांदा टेकली कुठे, हे बघतच नाहीत. बास्केटपासून चार मीटरवर टेकून वीस मीटर घसरली असेल, तर हाताचा दोष नाही, जमिनीचा अंदाज चुकला. आणि मुळात टेकलीच वीस मीटर पुढे, तर जमिनीला बोल लावून उपयोग नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, काही ठिकाणी तर एकमेकांच्या उलट. म्हणून चार-पाच फेकी टाकताना मित्राला बास्केटजवळ उभं करा आणि टेकल्या जागी काडी रोवायला सांगा. एकटे असाल तर ओहोटीला पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूत खूण आपोआप उमटते.

पुढचं सगळं उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा ओढून) टाकणाऱ्याच्या हिशोबाने लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

हवेत चुकत असेल तर

उजव्या हाताच्या बॅकहँडने सुटलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना तिचा कल उजवीकडे जाण्याचा असतो, तो टर्न. वेग उतरला की ती डावीकडे वळते, तो फेड. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात ते क्रमाने स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याचा गुण), टर्न आणि फेडचे. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे दोन कंपन्यांचा तीनचा आकडा नेमका सारखाच असेल असं नाही. दिशा कळायला मात्र पुरेसे आहेत.

आता वारा. शाळेतल्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात, पण डिस्क हातात घेतल्यावर ते कुणाला आठवत नाहीत. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो. ऊन चढलं की जमीन तापते, वारा फिरतो आणि दुपारी समुद्राकडून जोरात येतो. पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत आपल्याकडे बहुतेक दिवस हाच क्रम असतो. आपले कोकणचे किनारे साधारण दक्षिणोत्तर पसरलेले आहेत. त्यामुळे गुहागरच्या किंवा तारकर्लीच्या पुळणीच्या लांबीने खेळलात की वारा कायम आडवाच मिळणार. सकाळी एका बाजूने, दुपारी दुसऱ्या बाजूने. तुमची चूक रोज बदलते ती इथे.

आडवा वारा डिस्कला नुसता बाजूला ढकलत नाही. डिस्क ज्या बाजूला कललेली असेल त्यावरून तिची पाठ वाऱ्याकडे आहे की पोट, हे ठरतं आणि सगळा खेळ त्यावर चालतो. अप्रोचला आपण साधारण हायझर टाकतो, म्हणजे डाव्या कडेला कललेली डिस्क. अशा डिस्कची पाठ डावीकडे असते आणि पोट उजवीकडे.

दुपारी उत्तरेकडे तोंड करून टाका. समुद्र डावीकडे, वारा डावीकडून. तो पाठीवर बसतो, डिस्कला खाली दाबतो आणि थोडं जमिनीकडे सरकवतो. परिणाम: कमी पडते. आता त्याच जागेवरून दक्षिणेकडे टाका. वारा उजवीकडून, थेट पोटात. डिस्क उचलली जाते, तरंगते आणि डावीकडे वाहत जाऊन थेट सुरूच्या झाडांत शिरते. हात तोच, कोन तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मतलई वाऱ्यात हेच उलटं: उत्तरेकडे तरंगेल, दक्षिणेकडे दबेल. फक्त वारा हलका असल्यामुळे फरक कमी दिसेल.

उपाय यातूनच निघतो. वारा उजवीकडून असेल तर बॅकहँडचा हट्ट सोडा आणि फोरहँड, म्हणजे हात अंगाच्या उजव्या बाजूने पुढे आणून टाका. उजव्या हाताचा फोरहँड हायझर उजव्या कडेला कलतो, म्हणजे पाठ पुन्हा वाऱ्याकडे येते. दाबणारा वारा सांभाळता येतो: थोडं पुढे आणि थोडं वाऱ्याच्या बाजूला धरून टाकलं की झालं. उचलणाऱ्या वाऱ्याचा अंदाज कुणालाच येत नाही, कारण एक झुळूक जास्त आली तर डिस्क दोन मीटर वर जाते आणि वर गेली की तिला आणखी वारा लागतो. फोरहँड अजिबात जमत नसेल तर बॅकहँडच टाका, पण हायझर काढून सपाट आणि कंबरेच्या उंचीने.

समोरून आणि मागून येणाऱ्या वाऱ्याचं गणित सोपं आहे, पण तिथेच माणसं जोर लावून घोटाळा करतात. समोरचा वारा म्हणजे डिस्कच्या दृष्टीने जास्त वेग. टर्न वाढतो, सरळ जाणारा पटर उजवीकडे पलटतो. आपल्याला वाटतं वारा तोडायला जोर हवा. जोर लावला की टर्न आणखी वाढतो. जोर नेहमीएवढाच ठेवा, फेक खालून काढा आणि जास्त फेडचा पटर वापरा. मागून वारा असेल तर उलट. डिस्कला हवेचा वेग कमी मिळतो, ती लवकर डावीकडे वळून बसते. तिथे ग्लाइडवाला सरळ पटर थोडा उंच टाकायचा.

मालवणच्या बाजूला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढणाऱ्या एका काकांनी आमची तारांबळ बघून सांगितलं होतं, "वारो फिरलो, आता थांबा वायच." वारा फिरतो तेव्हा मध्ये थोडा वेळ सगळं पडून असतं. पटर शिकायला तोच वेळ उत्तम, कारण तेवढ्या वेळात जे चुकतं ते वाऱ्याचं नसतं, तुमचं असतं.

नाक

वारा पडलेला असतानाही डिस्क तरंगून पुढे जात असेल, तर नव्वद टक्के शंका नाकावर घ्या. नाक म्हणजे जाणाऱ्या दिशेची पुढची कड. ती वर असली की डिस्क वर चढते, मध्येच वेग सोडते आणि मग वारा तिचं काय करेल ते करेल. बास्केटजवळच्या मित्राला येणाऱ्या डिस्कचं पोट चांगलंच दिसत असेल, तर नाक वर आहे.

आमच्याकडे बरेच जण अल्टिमेट, म्हणजे डिस्क एकमेकांना देत खेळायचा सांघिक खेळ, खेळून इकडे आले आहेत, आणि त्यांचा हा दोष जुन्या सवयीचा असतो. तिकडे झेलणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून डिस्क तरंगत ठेवणं हे कसब. ती डिस्क १७५ ग्रॅमची आणि साधारण २७ सेंटिमीटर रुंद. गोल्फचा पटर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा, पण २१ सेंटिमीटरच्या आसपास. इथे झेलायला कुणी नसतं, लोखंडी साखळ्या असतात, आणि तरंगणं हा निव्वळ धोका.

नाक खाली आणायला हात जोराने खाली मारायची गरज नाही. अंगठा डिस्कच्या पाठीवर घट्ट दाबा आणि मनगट करंगळीच्या बाजूला किंचित झुकवून धरा, म्हणजे डिस्क कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत येते. डिस्क छातीसमोरून सरळ रेषेत ओढा. खालून वर जाणाऱ्या कमानीत ओढलीत तर मनगट कितीही नीट असलं तरी नाक वर येणारच. उभ्या जागेवरून टाका. अप्रोचला धावत येण्याची गरज नसते, आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, उंचसखल कातळावर धावणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं.

आणखी एक गोष्ट, हिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बास्केटच नसते. सुरूच्या बुंध्याला फडकं बांधायचं किंवा बांबू रोवायचा, आणि त्याला लागली की झालं. यात कमीपणा काही नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथे पहिलं कायमस्वरूपी कोर्स झालं, तेव्हा तिथेही लक्ष्य म्हणून खांबच होते. साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक यांनी त्यानंतर आणली. पण खांबाला मारायच्या सवयीने एक खोड लागते: डिस्क कितीही वेगात लागली तरी चालते, म्हणून शेवटचा वेग उतरवायला कुणी शिकत नाही. मग खरी बास्केट समोर आली की फेकी पुढे जातात. बांबूवरच खेळायचं असेल तर नियम बदला. लागली की नाही हे मोजू नका. बांबूपासून किती पावलांवर थांबली ते मोजा.

कोणता पटर

पटिंगचा (बास्केटजवळून साखळ्यांत टाकायचा) पटर आणि अप्रोचचा पटर वेगळे ठेवा. मुख्य सांगायचं ते हेच. पटिंगला हातातल्या स्पर्शाची सवय लागते, आणि तोच पटर जांभ्यावर आपटून त्याची कड खरवडली गेली की स्पर्शही जातो आणि उड्डाणही. घासलेली कड पटरला हळूहळू कमी स्थिर करते. गेल्या वर्षी सरळ जाणारा पटर यंदा उजवीकडे पलटत असेल तर हात बिघडला असेलच असं नाही, कडेवरून बोट फिरवून बघा.

अप्रोचसाठी किनाऱ्यावर तीन गोष्टी बघायच्या: ग्लाइड कमी, फेड जास्त, वजन पुरेपूर. वजनाला नियमाची मर्यादा आहे, व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम, त्यामुळे २१.२ सेंटिमीटरचा पटर १७५ ग्रॅमच्या जरा वरच थांबतो. १७३ ते १७५ मिळाला तर घ्या. हलका पटर शिकायला सोपा असतो हे खरं, पण तो बंद मैदानात. खाऱ्या वाऱ्यात दीडशे ग्रॅमचा पटर कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आकड्यांत बोलायचं तर (क्रम तोच: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड) एव्हिएर नावाचा पटर २, ३, ०, १ आहे आणि जज नावाचा २, ४, ०, १. दोन्ही पटिंगला छान, मागून वारा असताना अप्रोचलाही छान. पण जजचा ग्लाइड चार आहे, आणि उजवीकडून वारा असताना तो चार तुम्हाला महागात पडतो. झोन ४, ३, ०, ३ आहे: पटरपेक्षा जरा वेगवान, कड पातळशी, फोरहँडला हातात नीट बसणारा. ऱ्हायनो २, १, ०, ३ आणि बर्ग १, १, ०, २ हे ग्लाइड जवळजवळ नसलेले. जेवढा जोर लावाल तेवढंच जातात आणि बसतात. माझं मत विचाराल तर एकच घ्यायचा असेल तर फोरहँड येणाऱ्याने झोनच्या जातीचा घ्यावा, न येणाऱ्याने ऱ्हायनोच्या जातीचा. बर्ग चांगला आहे, पण पन्नास मीटर गाठायला नवख्याला जोर करावा लागतो, आणि जोर केला की नेम गेला.

कडेच्या खालच्या काठाला बारीक उंचवटा असतो त्याला बीड म्हणतात. बीडवाले पटर सहसा वाऱ्यात जास्त तग धरतात. छोट्या हाताला तो टोचतो, तेव्हा मागवण्याआधी कुणाचा तरी धरून बघा.

प्लास्टिकवर लोक तासन्‌तास वाद घालतात. इथे प्रश्न एवढाच: तुम्ही टाकता कशावर? स्वस्त प्लास्टिक हाताला चिकटून बसतं आणि जमिनीलाही धरतं, पण जांभ्यावर लवकर झिजतं. महाग प्लास्टिक टिकतं, मात्र ते कडक, घामाच्या हातातून सुटणारं आणि दगडावर जास्त उसळणारं. पुळणीवर खेळत असाल तर स्वस्त, सड्यावर खेळत असाल तर महाग.

जमिनीवर चुकत असेल तर

कोरड्या, भुसभुशीत वाळूत डिस्क टेकते तिथेच रुतते. तिथे निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात, फक्त थेट बास्केटवर नेम धरावा लागतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू बरोबर उलट: सपाट आणि वेगात आलेली डिस्क लांबवर घसरते. सुरूच्या बनात सुयांसारख्या पानांचा थर असतो, त्यावरूनही डिस्क सरकते, पण बनाचा फायदा असा की खोडांमध्ये वारा बराच मोडतो. खालून टाकलेली डिस्क तिथे शहाण्यासारखी वागते.

खरी कटकट सडा. जांभ्याचा कातळ, वर पातळ माती, आणि पावसाळ्यानंतर काही महिने गुडघाभर गवत. गवत उभं असताना डिस्क थांबते, पण सापडत नाही. कापलं गेलं की सापडते, पण थांबत नाही. जास्त फेडचा पटर हायझरवर आला की डावी कड आधी टेकते आणि तो डावीकडे उसळून जातो. फारच उभा आला तर कडेवर उभा राहून चाक होतो, आणि सडा उतरता असेल तर पाठलाग करण्यात अर्थ नसतो.

यावर उपाय दोन, आणि इथे हवेचा नि जमिनीचा सल्ला एकमेकांना भिडतो. पहिला: सरळ पटर घ्या, उजवी कड किंचित खाली ठेवून हळू सोडा. तो शेवटी सपाट होतो, जमिनीवर अख्खा बसतो आणि थांबतो. सकाळी हे फार सुंदर चालतं. दुपारी समुद्राकडून वारा सुटल्यावर अशी हळू, उजवीकडे कललेली डिस्क टाकणं म्हणजे ती देऊन टाकणं. तेव्हा दुसरा उपाय: ऱ्हायनो किंवा झोन, खालून, आणि उसळी धरूनच नेम. बास्केटच्या उजवीकडे, पाच-सहा मीटर अलीकडे टेकवा आणि तिला डावीकडे येऊ द्या. जागेनुसार हा आकडा बदलेल, पण उसळीची बाजू बदलणार नाही.

बास्केट कड्याच्या जवळ असेल तर मोह आवरा. बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात. अलीकडे दहा मीटरच्या बाहेर थांबलात तरी चालेल. तिथून पट लांब पडतो, पण एक सवलत मिळते. दहा मीटरच्या आत डिस्क सोडल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं, पुढे पाऊल टाकता येत नाही. बाहेर तो नियम नाही, फेकीबरोबर पाऊल पुढे गेलं तरी चालतं.

अंतर

जवळच्या अप्रोचला हात हळू करू नका. हळू हातातून डिस्कला फिरकी कमी मिळते, ती डगमगते आणि डगमगणारी डिस्क वाऱ्यात सर्वांत आधी वाकते. मनगटाचा झटका तेवढाच ठेवा, मागे नेणं कमी करा. पूर्ण मागे, अर्धं मागे, फक्त छातीपर्यंत: या तीन ठिकाणांहून तुमची डिस्क किती जाते ते पावलांनी मोजा आणि लिहून ठेवा. वारा पडलेला असताना मोजा, नाहीतर ती वहीही खोटं बोलेल.

घाम, खार, ऊन

हात घामेजला की डिस्क अर्धा क्षण लवकर सुटते आणि उजव्या हाताच्या बॅकहँडला डावीकडे जाते. सुती फडकं कंबरेला खोचून ठेवा, प्रत्येक फेकीआधी कडेची आतली बाजू पुसा. पाठ पुसून काही होत नाही, बोटं आत असतात. हिवाळ्यातल्या सकाळी दव असतं, तेव्हा फडकी दोन घ्या. घरी आल्यावर डिस्क गोड्या पाण्याने धुवा, खार वाळला की कड निसरडी होते. मे महिन्यात डिस्क बंद गाडीत ठेवू नका. वाकड्या झालेल्या डिस्कला कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून फरशीवर सपाट ठेवलं तर बऱ्यापैकी सरळ होते.

रविवारी संध्याकाळी पर्यटकांनी भरलेल्या पुळणीवर टाकू नका, पावणेदोनशे ग्रॅमचा पटर डोक्यात बसला तर टाके पडतात. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी कासवांच्या अंड्यांच्या हंगामात भरतीच्या रेषेच्या वरची वाळू तुडवायची नाही, तिथे खेळ ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावरच. आणि डिस्कच्या पोटावर न पुसणाऱ्या पेनाने नाव आणि फोन नंबर लिहा. वाळूने तो घासला जातो, म्हणून दर महिन्याला पुन्हा गिरवा. सुरूच्या बनात हरवलेली डिस्क लाकूडफाटा गोळा करणाऱ्या कुणाला तरी सापडते, आणि नंबर वाचता आला तर फोन येतो.